टाइल्स बसण्याआधी

घराचं नूतनीकरण करायचं ठरलं की बहुतेक कुटुंबांची पहिली फेरी टाइल्सच्या शोरूमला होते. मग नळ पाहून होतात, ट्रॉल्या ओढून-ढकलून होतात आणि शेवटी कंत्राटदाराचा शोध सुरू होतो. हा क्रम उलटा करायला हवा. हॉलचा रंग मनासारखा झाला नाही तर पुढच्या दिवाळीला बदलता येतो. स्वयंपाकघर आणि बाथरूम या ओल्या जागा. तिथली चूक टाइल्सच्या मागे, फरशीच्या खाली जाऊन बसते आणि ती काढायची तर वरचं चांगलं कामही फोडावं लागतं. म्हणून या दोन खोल्यांत पैसा, वेळ आणि लक्ष सगळ्यांत जास्त द्यायचं ते तोडफोड संपल्यापासून पहिली टाइल लागेपर्यंतच्या दिवसांना. त्या दिवसांत काय काय व्हायचं आहे, हे हातोडा पडण्याआधी कागदावर आलेलं असलं पाहिजे.

पुढचं सगळं एका ओळखीच्या घराला धरून लिहिलं आहे. पुणे, ठाणे, नाशिक अशा शहरांत १९८५ ते १९९५च्या सुमारास बांधलेली तीन-चार मजली सोसायटी आणि तिच्यातला दोन बेडरूमचा फ्लॅट. मोझॅकची फरशी, कडप्प्याचा ओटा, शेजारी भांडी घासायची मोरी, संडास आणि न्हाणीघर वेगळं, भिंतीतून गेलेले गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पाइप. अशी घरं आता तिशी-चाळिशीत आहेत आणि त्यांच्या ओल्या खोल्या एकदा मुळापासून करायची वेळ आलेली आहे.

पावसाळ्यात पाहणी, हिवाळ्यात काम

पाहणीला पावसाळ्यासारखा काळ नाही. जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीवर, छतावर जिथे ओल दिसेल तिथे पेन्सिलने तिची कड आखा आणि शेजारी तारीख लिहा. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहा. पावसाच्या झडीबरोबर वाढणारी आणि उघडीप मिळाली की मागे हटणारी ओल बहुधा बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून येते. मे महिन्यातही तशीच राहणारी ओल पाइपातून किंवा बाथरूमच्या फरशीतून येते. हा फरक न ओळखता बाथरूमवर मोठा खर्च करणारी कुटुंबं असतात; नवी टाइल लागते आणि ओल जिथल्या तिथे राहते, कारण दोष बाहेरच्या प्लास्टरच्या भेगेत असतो.

काम मात्र पावसाळ्यात काढू नये. प्लास्टर सुकत नाही, प्लायवूड ओल धरतं, पॉलिश चिकट राहतं. गणपतीच्या आधी ‘एवढं उरकून टाकू’ म्हणूनही नको, कारण कोकणातला सुतार गणपतीला आणि शिमग्याला गावी जाणारच, आणि उत्तरेकडचे कारागीर दिवाळी-छठ किंवा होळीला. दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत संपवायचं, हा सगळ्यांत सोयीचा हंगाम. एक स्वयंपाकघर आणि दोन बाथरूम यांना सहा ते आठ आठवडे धरावेत. त्याहून कमी सांगणारा कंत्राटदार वाळण्याचे दिवस मोजत नसतो.

पाहणीत पाइपांकडे विशेष लक्ष द्या. सकाळी पहिल्यांदा नळ सोडल्यावर क्षणभर तांबूस पाणी येत असेल, तर लोखंडी पाइप आतून गंजला आहे. गंजाचा थर वाढत जातो तशी आतली वाट अरुंद होते, म्हणून टाकी भरलेली असूनही वरच्या शॉवरला धार राहत नाही. असे पाइप तुकड्या-तुकड्याने बदलू नयेत. जुन्याला नवा जोडला की सांधा हीच दुबळी जागा होते. घरात शिरल्यापासून शेवटच्या नळापर्यंत एकदाच सगळे बदला. गरम आणि गार दोन्ही पाण्याला सीपीव्हीसी चालतो. साधा यूपीव्हीसी फक्त गार पाण्यासाठी. गिझरच्या ओळीवर तो लावला तर मऊ पडतो.

धार कमी येण्याचं दुसरं कारण पाइपाशी संबंधित नसतं, आणि हे समजून न घेता लोक महागडे शॉवर आणतात. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला दाब मिळतो तो फक्त उंचीचा. दहा मीटर उंचीला साधारण एक बार, या हिशेबाने वरच्या मजल्यावरच्या घरात, टाकीच्या तळापासून शॉवर तीन मीटर खाली असेल तर दाब जेमतेम ०.३ बार. मोठ्या तबकडीच्या पावसाळी शॉवरला एवढ्यावर नीट पाणी येत नाही. कॅटलॉगमध्ये प्रत्येक शॉवरला आणि डायव्हर्टरला किमान किती दाब लागतो ते छापलेलं असतं. ते वाचा. दाब कमी असेल तर लहान तबकडीचा शॉवर आणि साधा वॉल मिक्सर घ्या, नाहीतर दाब वाढवणाऱ्या पंपाची जागा आणि वीज आताच धरून ठेवा. तळमजल्यावरच्या घराला ही चिंता नाही.

काय हलवायचं नाही

बाथरूम खाली-वर एकाच रांगेत असतात त्याला कारण आहे. तिथे स्लॅब बहुधा नऊ ते बारा इंच खाली घेतलेला असतो, त्या खोलगट भागातून पाइप जातात आणि सांडपाण्याचा उभा पाइपही तिथेच बाहेर असतो. बाथरूम तिथून उचलून बेडरूमकडे सरकवायचं म्हटलं तर खालच्यांच्या बेडरूमवर किंवा देवघरावर ओली जागा येते. शिवाय तिकडे स्लॅब खाली घेतलेला नसतो, म्हणून पाइपांसाठी फरशी उचलून घ्यावी लागते. त्या भराचं वजन लक्षात घ्या. शंभर मिलिमीटर जाडीचा काँक्रीटचा थर दर चौरस मीटरला सुमारे २४० किलो भरतो. चार बाय सात फुटांच्या बाथरूममध्ये हा बोजा सहाशे किलोंच्या वर जातो. तीस वर्षांच्या स्लॅबला तो विचारल्याशिवाय देऊ नये.

कमोड जिथे आहे तिथेच ठेवणं उत्तम. फूट-दोन फूट सरकवता येतो. पण मैल्याच्या पाइपाला साधारण चाळिसास एक असा ढाळ हवा, म्हणजे दीड मीटर सरकवला तर जवळपास चार सेंटिमीटर खोली निव्वळ ढाळातच जाते. ती खाली उपलब्ध आहे का, हे तोडण्याआधी तपासता येतं.

भिंती काढण्याबाबत एकच सांगणं: इमारत कशी बांधली आहे ते आधी कळू द्या. आरसीसी सांगाड्यात साडेचार इंची आडभिंत बहुधा नुसती आडोशाची असते. जुन्या लोडबेअरिंग इमारतीत, विशेषतः लादी-कोब्याच्या मजल्यांच्या वाड्यांत आणि चाळींत, तीच भिंत वरचा मजला पेलत असू शकते. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलावून त्याचं लेखी मत घ्यायला हवं. बीम आणि कॉलमला पाइपासाठी भोक किंवा वायरसाठी झिरी, दोन्ही वर्ज्य. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायचं असतं. तुमच्या सोसायटीने ते केलं असेल तर अहवालाची प्रत मागून घ्या. त्यात तुमच्याच बाथरूमच्या स्लॅबबद्दल काही लिहिलेलं सापडू शकतं.

सोसायटीला अर्ज लेखी द्यायचा, सोबत नकाशा. घराच्या आतली गळती ही सभासदाची जबाबदारी आणि सामाईक पाइपांची सोसायटीची, अशी उपविधींची विभागणी आहे. तिचा उपयोग करून घ्या. बाहेरचा बीडाचा जुना पाइप तडकलेला असेल तर तुमच्या कामाबरोबरच तो बदलून देण्याची विनंती अर्जात करा. तुम्ही आतून सगळं नवं केलं आणि बाहेरचा पाइप तसाच राहिला तर भिंत ओलीच राहील. राडारोडा कुठे जाणार हेही आधी ठरवा. रस्त्याच्या कडेला किंवा नदीपात्रात टाकणाऱ्या टेम्पोवाल्याला तो देऊ नका. बांधकामाच्या कचऱ्याची जबाबदारी तो करणाऱ्यावर आहे, आणि महापालिकांनी त्यासाठी जागा नेमून दिलेल्या आहेत.

स्वयंपाकघर: आधी हात, मग कॅटलॉग

ओट्याची उंची हा स्वयंपाकघराचा सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय, आणि तो कॅटलॉगमधून घेतला जातो याचं मला वाईट वाटतं. छापील माप असतं चौतीस-छत्तीस इंच. जे स्वयंपाक करतात त्यांनी चपला घालून किंवा काढून, जसं रोज उभं राहतात तसं उभं राहावं, कोपर काटकोनात वाकवावं आणि जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजावी. त्यातून चार ते सहा इंच वजा केले की चिरण्या-निवडण्याची उंची मिळते. पोळ्या लाटायला वरून जोर द्यावा लागतो, म्हणून पोळपाटाला आणखी दोन इंच खाली जागा हवी. शेगडीचा बर्नर ओट्याच्या वर चार-पाच इंच उठलेला असतो, तेव्हा शेगडीही खालीच बरी. सिंकचं उलटं: तळ आठ इंच खोल असतो, त्यामुळे भांडी घासताना पाठ वाकू नये तर कड वर हवी. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईंना ओटा साधारण तेहेतीस इंच, लाटायची जागा एकतीस, असं काहीसं येतं. तीन वेगळ्या उंची बांधणं जमत नसेल तर पोळ्यांसाठी ओट्याखालून ओढता येणारी फळी करा. रोज वीस पोळ्या होणाऱ्या घरात या दोन इंचांनी खांदे वाचतात.

मोरीबद्दलही विचारपूर्वक ठरवा. जुन्या घरात जमिनीलगतची मोरी असते आणि नव्या आराखड्यात ती बिनबोभाट नाहीशी होते. भांडी घासायला ताई येत असतील तर बसून सोयीचं पडतं की उभ्याने, हे त्यांनाच विचारा. तिथे रोज तासभर त्याच असतात. मोरी काढायची ठरलीच तर सिंक मोठं घ्या. परात आणि मोठा कुकर आडवा मावला पाहिजे, आणि ते दुकानात भांडं नेऊनच पाहावं.

ट्रॉल्यांचा आराखडा काढण्याआधी घरातली भांडी मोजा: सगळ्यांत उंच डबा, सगळ्यांत रुंद परात, मिक्सर, मोदकपात्र, पुरणयंत्र, घरघंटी. रोजचं ते कमरेच्या उंचीला, सणाचं ते माळ्यावर. हे न करता घेतलेल्या ट्रॉलीत ताटं उभी राहतात आणि पातेली शेगडीवरच राहायला येतात.

साहित्याचं थोडक्यात. सिंकखालच्या कपाटाला आयएस ७१० दर्जाचं, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारं प्लायवूड हवं. घेण्याआधी एक तुकडा मागून घ्या आणि काही तास पाण्यात उकळा. थर सुटले तर माल परत. पार्टिकल बोर्ड ओल्या जागी अजिबात नको, एका गळतीत फुगतो. स्टीलच्या ट्रॉल्या ३०४ की २०२ हे लोहचुंबक लावून ठरवणारे विक्रेते भेटतात. त्यावर जाऊ नका. दोन्ही प्रकार चुंबकाला जवळपास धरतच नाहीत. फरक निकेल आणि मँगनीजच्या प्रमाणात असतो आणि तो मँगनीज ओळखणाऱ्या द्रावणाच्या थेंबाने कळतो. कोकणच्या खाऱ्या दमट हवेत २०२ लवकर डाग धरतं. तिथे मी तर कडप्प्याचेच उभे टेकू, वर ग्रॅनाइट आणि पुढे फक्त दारं, असा जुना-नवा मेळ सुचवेन. कडप्प्याला वाळवी नाही, फुगणं नाही.

गॅसची गोष्ट जिवाची. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड, गळाला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाला हवेची जाळी तळाशी हवी. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो वर जातो; त्याला मोकळी वाट छताजवळ हवी. एकाची जाळी दुसऱ्याला चालत नाही. पाइपगॅसचा मीटर किंवा नळी सुताराने, प्लंबरने हलवायची नाही. मुंबईत महानगर गॅस, पुण्यात एमएनजीएल अशा त्या त्या कंपनीकडे अर्ज करून तिचा माणूस येईपर्यंत थांबायचं. तो येण्यात दिवस जातात, म्हणून हा अर्ज सगळ्यांत आधी.

विजेची ठिकाणं ओट्यावर प्रत्यक्ष वस्तू मांडून ठरवा. गिझर, इंडक्शन, ओव्हन, मायक्रोवेव्ह यांना स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी. तीन किलोवॅटचा झटपट गिझर २३० व्होल्टला तेरा अँपिअर ओढतो. त्याला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घालावी. जुन्या वायरिंगला अर्थिंगची तिसरी तार आहे का ते तपासा, आणि ओल्या खोल्यांच्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवाच. ओल्या हाताने नळाला शॉक लागू लागला तर माणूस वाचवायचं काम तोच करतो. एकूण भार वाढणार असेल तर महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्या.

बाथरूमची मापं

बाथरूममध्ये चूक होते ती बहुधा एका इंचाची. कमोडच्या मागच्या भिंतीपासून पाइपाच्या मध्यापर्यंतचं अंतर नऊ इंच असतं किंवा बारा इंच. आणि ते तयार टाइलच्या पृष्ठभागापासून मोजायचं असतं. प्लंबर मोजतो विटेपासून. प्लास्टर आणि टाइल मिळून इंच-सव्वा इंच पुढे येतात आणि मग कमोड बसत नाही. डायव्हर्टरचंही तसंच: तो किती खोल गाडायचा याच्या खुणा त्याच्या झाकणावर असतात आणि त्या तयार टाइलला धरून असतात. म्हणून कमोड, डायव्हर्टर, टाइल यांचा नग आधी ठरवून, शक्य तर आणूनच, झिऱ्या मारायला द्याव्यात.

घरात वयस्कर माणसं असोत-नसोत, कमोडच्या शेजारी आणि शॉवरजवळ आधाराच्या दांड्यांसाठी तेहेतीस ते छत्तीस इंच उंचीवर भिंत भरीव ठेवा. दांडी पुढे कधीही लावता येते. पोकळ विटेत तिचा स्क्रू धरत नाही. दार शक्यतो बाहेर उघडणारं करा, कारण आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच माणसाला अडतं. फरशीची टाइल खरखरीत घ्या, आणि ती दुकानात ओली करून तळवा घासून पाहा.

अंदाजपत्रक मोजमापानिशी घ्या. ‘बाथरूमचे इतके’ असा ठोक आकडा कामाचा नाही. टाइल बसवणी चौरस फुटावर, ओटा आणि कडेची घिसाई धावत्या फुटावर, प्लंबिंग नळांच्या जागांवर, आणि कुठला माल कोणाचा ते नावानिशी. तोडल्यावर काय निघेल सांगता येत नाही, म्हणून पंधरा-वीस टक्के बाजूला ठेवा आणि ते टाइल्सवर उधळू नका. पैसे टप्प्यांनी द्यावेत, शेवटचा दहावा हिस्सा वापर सुरू झाल्यावर. दोन बाथरूम असतील तर एक पूर्ण चालू झाल्याशिवाय दुसरं तोडायला देऊ नका.

तोडफोड ते पहिली टाइल

आता ज्या दिवसांसाठी रजा काढायची ते दिवस. जुनी टाइल आणि तिच्याखालचा मसाला स्लॅबपर्यंत काढायला सांगा. टाइलवर टाइल हा पर्याय कंत्राटदार सुचवतो, कारण त्याचे दिवस वाचतात. पण तीस वर्षांच्या बाथरूममध्ये टाइलखालचा कोबाच पाणी पिऊन बसलेला असतो. त्यावर नवी टाइल लावली तर ते पाणी आतच राहतं. मोठं ब्रेकर मशीन स्लॅबवर चालवू देऊ नका. शेवटचे दोन इंच हातोडा-छिन्नीने काढायचे, स्लॅबची सळई हादरता कामा नये. सळई उघडी पडून गंजलेली दिसली तर काम तिथेच थांबवून इंजिनिअरला बोलवायचं.

पाइप टाकून झाले, चिकटवलेले सांधे चोवीस तास वाळले की दाबाची चाचणी. सगळी तोंडं बूच लावून बंद करायची, एका टोकाला गेज असलेला हातपंप जोडायचा आणि दाब चढवून रात्रभर ठेवायचा. सकाळी काटा खाली आलेला असेल तर कुठेतरी झिरपतं आहे. सांधे उघडे आहेत, तोवर एक सांधा बदलणं अर्ध्या तासाचं काम आहे. काटा पाहिल्याशिवाय झिऱ्या बुजवायला परवानगी देऊ नका.

मग वॉटरप्रूफिंग. पाणी सपाट स्लॅबमधून फारसं जात नाही. ते जातं पाइप स्लॅब भेदतो तिथून आणि भिंत-फरशीच्या कोपऱ्यातून. म्हणून सुरुवात तिथून. पाइपाभोवतीची जागा साध्या सिमेंटने न भरता न आकसणाऱ्या ग्राउटने भरायची. कोपऱ्यात काटकोन न ठेवता मसाल्याचा गोलसर वाटा ओढायचा. काटकोनातला लेप पहिल्यांदा तडकतो. त्यावर पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचा लेप, ब्रशने, दोन हात. पहिला आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा, म्हणजे पहिल्यात राहिलेली टाचणीएवढी छिद्रं दुसऱ्यात बुजतात. कोपऱ्यांत दोन हातांच्या मध्ये फायबरची जाळी. भिंतीवर लेप फूटभर चढवतातच. शॉवरच्या भिंतीवर तो सहा-सात फूट न्या. त्या भिंतीपलीकडे बेडरूमचं कपाट असेल तर हे विशेष सांभाळा. बुरशी धरलेल्या कपड्यांचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

लेप वाळला की पाणी भरून ठेवायचं. जाळीचं तोंड बुचाने बंद करायचं, दोन-तीन इंच पाणी सोडायचं, पाण्याच्या रेषेवर भिंतीला पेन्सिलची खूण करायची आणि निदान अठ्ठेचाळीस तास कोणी त्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी पाणी एक-दोन मिलिमीटर खाली दिसेल, ती वाफ. बोटभर खाली गेलं असेल तर गळती आहे. त्याच वेळी खालच्या काकूंना विचारून त्यांच्या बाथरूमच्या छताखाली उभं राहा, टॉर्च घ्या, पाइपाभोवतीच्या कड्याला आणि बीमच्या कडेला हात लावून पाहा. ओल डोळ्याला दिसण्याआधी हाताला गार लागते. कंत्राटदाराचा माणूस सकाळी पाणी भरून संध्याकाळी ‘ठीक आहे’ म्हणत असेल तर त्याला नम्रपणे सांगा, उद्या नाही, परवा पाहू. खोलगट भाग भरून वर कोबा झाल्यावर हीच चाचणी पुन्हा एकदा. दोन चाचण्यांना मिळून चार दिवस जातात, आणि पूर्ण कामातले सगळ्यांत मोलाचे चार दिवस हेच.

कोब्यातच ढाळ द्यायचा असतो, टाइलमध्ये नव्हे. मीटरला साधारण दहा ते बारा मिलिमीटर, जाळीकडे. टाइल लागण्याआधी बादलीभर पाणी ओता आणि कुठे डबकं राहतं ते पाहा. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये पन्नास मिलिमीटर पाण्याचं बूच राहिलं पाहिजे, तेच गटाराचा वास अडवतं. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये महिनाभर पाणी पडलं नाही तर हे बूच सुकतं आणि वास येतो. त्याला तांब्याभर पाणी पुरतं.

टाइलची बसवणी हा गवंड्याचा विषय, पण एक गोष्ट मालकाने पाहावी. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळपास शोषतच नाही, म्हणून नुसत्या सिमेंटला ती नीट धरत नाही. तिला अॅडहेसिव्ह हवं, दातेरी थापीने पूर्ण पसरलेलं. चार कोपऱ्यांना आणि मध्ये गोळे लावून दाबलेली टाइल मागून पोकळ राहते. नाण्याने टकटक केल्यावर आवाज कळतो. पोकळ वाजणारी टाइल मसाला ताजा असतानाच काढून लावायला सांगा. ओट्यामागच्या टाइलच्या फटी इपॉक्सी ग्राउटने भरा. सिमेंटच्या ग्राउटला हळद लागली की निघत नाही. टाइल्स दहा टक्के जास्त घ्या, सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर एकच आहे ना ते पाहून, आणि उरलेल्या चार-सहा माळ्यावर ठेवा. तीच छटा पुन्हा मिळत नाही.

इथून पुढे काम सोपं होत जातं. ओट्याचा ग्रॅनाइट, छताचं काम, सुतारकाम, रंग, मग नळ आणि कमोड, याच क्रमाने. ग्रॅनाइटच्या पुढच्या कडेखाली बारीक खाच मारून घ्या म्हणजे सांडलेलं पाणी कपाटाच्या दारावर न ओघळता खाली ठिपकतं. चिमणीचा पाइप आखूड आणि कमी वळणांचा ठेवा, आणि तो सामाईक डक्टमध्ये सोडू नका. नळ लागल्यावर सगळे एकदम सोडून पाहा.

शेवटची एक विनंती. झिऱ्या बुजवण्याच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक भिंतीचे आणि फरशीचे फोटो काढा, मापाची पट्टी पाइपाला लावून, कोपऱ्यापासून आणि फरशीपासूनचं अंतर वाचता येईल असे. ते छापून घराच्या करारपत्राच्या फाइलमध्ये ठेवा आणि एक प्रत सोसायटीच्या कार्यालयात द्या. वर्षा-दोन वर्षांत टॉवेलच्या दांडीसाठी कोणीतरी त्याच भिंतीवर ड्रिल धरणार आहे, आणि सीपीव्हीसीचा पाइप प्लास्टरच्या आत जेमतेम बोटभर खोल असतो.